एक बिट पुसण्याची किंमत

बर्फ वितळतो तेव्हा पाण्याच्या दर रेणूमागे ३.८ बिट माहिती हातची जाते. वाक्य कवितेतलं वाटेल, पण ते हिशेबाचं आहे, आणि हिशेबाला लागणारे आकडे अकरावीच्या पुस्तकात सापडतात. एक मोल बर्फ, म्हणजे १८ ग्रॅम, वितळवायला ६.०१ किलोज्यूल उष्णता लागते. ती द्यायची २७३.१५ केल्व्हिनला. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की येतात २२ ज्यूल प्रति केल्व्हिन. ही झाली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसची एन्ट्रॉपी. त्याने १८६५ मध्ये तिला हे नाव दिलं तेव्हा डोळ्यांसमोर वाफेची इंजिनं होती, बिट नव्हता. आता हेच २२ आणखी एकदा भागा, या वेळी ५.७६ ने. उत्तर येतं ३.८२.

हे ५.७६ आलं कुठून? वायुस्थिरांक ८.३१४ आणि २ चा नैसर्गिक लॉग ०.६९३ यांचा तो गुणाकार आहे. मोलभर रेणूंपैकी प्रत्येकाबद्दल ‘हो की नाही’ असा एकेकच प्रश्न, म्हणजे एकेक बिट, अनुत्तरित असेल, तर त्या अज्ञानाची एन्ट्रॉपी ५.७६ ज्यूल प्रति केल्व्हिन भरते. बर्फात रेणू जाळीत बसलेले असतात. जाळी कळली की रेणू कुठे आहे हे बऱ्यापैकी कळतं. पाण्यात तोच रेणू नेमका कुठे आहे, कोणत्या दिशेला वळलेला आहे, हे ठरवायला सरासरी ३.८ प्रश्न जास्त विचारावे लागतात. २५ अंश सेल्सियसच्या पाण्याची पूर्ण एन्ट्रॉपी मोलमागे ६९.९५ आहे, म्हणजे रेणूमागे १२.१ बिट. १८० मिलिलिटरच्या पेल्यात एकूण बिट किती? ७३ लिहून पुढे चोवीस शून्यं.

माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने १९४८ मध्ये टेलिफोनच्या तारांतून जाणाऱ्या संदेशांचं माप ठरवलं, तेव्हा त्याच्या हाती आलेलं सूत्र बोल्ट्झमन आणि गिब्ज या भौतिकशास्त्रज्ञांच्या एन्ट्रॉपीच्या सूत्रासारखंच होतं: प्रत्येक शक्यतेची संभाव्यता गुणिले त्या संभाव्यतेचा लॉग, सगळ्यांची बेरीज, आणि पुढे उणे चिन्ह. फरक एवढाच की शॅनन लॉगचा पाया २ धरतो, आणि बोल्ट्झमनच्या सूत्राला पुढे एक स्थिरांक चिकटलेला असतो. २० मे २०१९ पासून तो स्थिरांक मोजायचाही राहिलेला नाही, त्याची किंमत व्याख्येनेच कायमची ठरवून टाकली आहे. तेव्हापासून तो उघडउघड एकक बदलण्याचा दर आहे, इंचाचे सेंटिमीटर करावेत तसा.

सूत्रं सारखी दिसतात म्हणून वस्तूही एकच, असं म्हणणं मात्र घाईचं होईल. गणितात असे योगायोग पुष्कळ असतात. हा योगायोग नाही याचा मला सर्वांत पटणारा पुरावा संगणकातला नाही, बर्फातलाच आहे.

बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला चार शेजारी असतात. दर दोन ऑक्सिजनांच्या मध्ये एकच हायड्रोजन असतो आणि तो एकाला जवळ, दुसऱ्याला दूर असतो. शिवाय प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन हवेत, नाहीतर तो पाण्याचा रेणू राहणार नाही. लायनस पॉलिंगने १९३५ मध्ये मोजणी केली. एका रेणूला आपले दोन हायड्रोजन चार दिशांपैकी कोणत्याही दोन दिशांना ठेवता येतात, म्हणजे सहा मांडण्या. निवडलेल्या दोन्ही दिशांना शेजाऱ्याने आधीच आपला हायड्रोजन पुढे केलेला नसण्याची शक्यता अर्धी गुणिले अर्धी, म्हणजे पाव. सहाचा पाव दीड. म्हणजे जाळी अगदी शिस्तीत असूनही दर रेणूमागे दीड पर्याय मोकळा राहतो, आणि दीडचा पाया २ चा लॉग आहे ०.५८५ बिट. बर्फ शून्य केल्व्हिनकडे नेला तरी हे अर्ध्या बिटाहून थोडं जास्त अज्ञान त्यात गोठून राहणार.

पुढच्याच वर्षी जिऑक आणि स्टाउट यांनी बर्कलीत उष्णतामापकात बर्फ ठेवून अगदी खालच्या तापमानापासून थोडी थोडी उष्णता देत वर आणला. प्रत्येक टप्प्याला उष्णता भागिले तापमान अशी बेरीज वाफेपर्यंत नेली. मग वर्णपटांवरून काढलेल्या वाफेच्या एन्ट्रॉपीशी ती ताडून पाहिली. बेरीज कमी भरली, मोलमागे ०.८२ कॅलरी प्रति केल्व्हिन, अधिकउणे ०.०५. पॉलिंगचा दीडचा हिशेब याच एककात सांगतो ०.८१. उष्णतामापकात संदेश नव्हता, तार नव्हती, वाचणारं कुणी नव्हतं. तरी त्याने ‘न विचारलेल्या प्रश्नांची’ संख्या बरोबर दिली. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथे फारसं कामाचं नाही. बर्फाचा स्फटिक दिसायला काटेकोर असतो, आणि तरीही त्यात मोजता येण्याजोगं अज्ञान असतं. याच पाण्यात किंचित पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून गोठवलं, तर हायड्रोजनांना जागा बदलायला वाट मिळते आणि ७२ केल्व्हिनजवळ ते रांगेत येऊ लागतात. साठलेलं अज्ञान तेव्हा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतं.

उष्णतेत बिट मोजता येतात. मग बिटात उष्णता असते का? हा उलटा प्रश्न जास्त छळणारा निघाला, आणि त्याची सुरुवात मॅक्सवेलच्या ११ डिसेंबर १८६७ च्या पत्रातून झाली. भौतिकशास्त्रज्ञ टेटला लिहिलेल्या त्या पत्रात त्याने एका चिमुकल्या द्वारपालाची कल्पना मांडली. वायूने भरलेल्या पेटीच्या मधल्या भिंतीला झडप आहे. द्वारपाल वेगवान रेणूंना एका बाजूला आणि मंद रेणूंना दुसऱ्या बाजूला जाऊ देतो. काम न करता एक बाजू तापते, एक गार होते, आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम (एकूण एन्ट्रॉपी आपोआप घटत नाही) गोत्यात येतो. केल्व्हिनने त्याला पुढे राक्षस म्हटलं.

पहिला आक्षेप यंत्रावरचा होता. राक्षसाऐवजी स्प्रिंग लावलेली, एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली तर? स्मोलुखोव्हस्कीने १९१२ मध्ये दाखवलं की ती फार वेळ टिकत नाही. एका रेणूच्या धक्क्याने उघडण्याइतकी ती हलकी असेल, तर ती स्वतःही त्याच तापमानाला येऊन थरथरू लागणार, वाटेल तेव्हा उघडणार, आणि रेणू उलटेही जाणार. म्हणजे बिनडोक राक्षस चालत नाही. डोकं असलेला चालेल का?

झिलार्डने १९२९ मध्ये हा प्रश्न इतका सोलून काढला की पेटीत एकच रेणू उरला. पायऱ्या अशा. पेटीच्या मधोमध पडदा सरकवा. रेणू डावीकडे आहे की उजवीकडे, ते पाहा आणि नोंदवा. रेणू नसलेल्या बाजूने दट्ट्या (पिस्टन) आत ढकला. तिथे पोकळी असल्याने त्याला काही काम पडत नाही. आता पडदा काढा. रेणू दट्ट्यावर आपटत त्याला मागे लोटतो, दट्ट्याला वजन बांधलेलं असेल तर ते उचललं जातं, आणि खर्च झालेली ऊर्जा रेणू पेटीच्या ऊबदार भिंतींकडून परत घेतो. एका रेणूचा दाब म्हणजे केटी भागिले आकारमान. केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, प्रयोगशाळांत हाच रोजचा शब्द आहे. अर्ध्या पेटीपासून पूर्ण पेटीपर्यंत बेरीज केली की मिळणारं काम ०.६९३ केटी. एक बिट कळला, तेवढं काम मिळालं, आणि पेटी होती तशी झाली. २७ अंश सेल्सियसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, हे काम २.८७ झेप्टोज्यूल आहे. ज्यूलमध्ये लिहायचं असेल तर दशांशचिन्हापुढे वीस शून्यं मांडून मग २८७ लिहा.

दुसरा नियम वाचवायचा असेल तर एवढाच खर्च कुठेतरी झाला पाहिजे. झिलार्डने तो मोजमापात टाकला. ब्रिलुआंनेही १९५१ मध्ये तेच केलं: अंधाऱ्या पेटीत रेणू दिसायला प्रकाश हवा, आणि भिंतींच्या स्वतःच्या उष्ण प्रारणातून वेगळा ओळखू यायचा असेल तर त्या प्रकाशकणाची ऊर्जा केटीपेक्षा जास्त हवी. युक्तिवाद देखणा आहे आणि कितीतरी वर्षं तो मान्यही होता. पण त्याने दाखवलं एवढंच की प्रकाशाने पाहणं महाग आहे. पाहण्याच्या प्रत्येक रीतीबद्दल तो काही सांगत नाही.

खर्चाचं खरं ठिकाण आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉल्फ लँडाउअरने १९६१ मध्ये दाखवलं, आणि तो राक्षसाचा विचार करत नव्हता, संगणकाचा करत होता. बिट ० असो वा १, एकाच कृतीने त्याला ० करायचं, यात दोन अवस्थांची एक होते. भौतिकीचे मूळ नियम दोन अवस्थांची एक होऊ देत नाहीत, मग तो फरक जातो कुठे? आजूबाजूच्या रेणूंत, उष्णता होऊन. बिटमागे किमान ०.६९३ केटी, हीच लँडाउअरची मर्यादा. पुढे चार्ल्स बेनेटने १९८२ च्या लेखात हेच उत्तर राक्षसाला लावलं. मोजमाप तत्त्वतः फुकट होऊ शकतं, पण राक्षसाच्या स्मृतीत डावं-उजवं लिहिलेलं राहतं. पुढचं चक्र सुरू करायला ते पुसावं लागतं, आणि पुसताना कमावलेलं सगळं परत जातं.

इथे एक गफलत लोकप्रिय लेखांत हटकून होते. किंमत ‘बिटाची’ नाही, बिटाबद्दलच्या अनिश्चिततेची आहे. बिट १ आहे हे ठाऊक असेल, तर तो नुसता उलटवून ० करता येतो, आणि उलटवणं परत फिरवता येतं, त्याला किमान किंमत नाही. १ येण्याची शक्यता ९० टक्के असेल तर शॅननच्या सूत्राने त्यात ०.४६९ बिटच आहे, आणि अशा बिटांची लांब रांग आधी दाबून लहान केली तर पुसण्याचा किमान खर्चही अर्ध्याहून कमी होतो. ‘आणि’ या तार्किक द्वारात (AND गेट: दोन्ही १ असतील तरच उत्तर १) दोन यादृच्छिक बिट शिरतात आणि एकच बाहेर येतो. हा बाहेरचा चारात एकदाच १ असतो, म्हणून त्यात ०.८११ बिट. हरवले १.१८९ बिट, किमान उष्णता ३.४१ झेप्टोज्यूल. ‘एक बिट हरवला’ असं ठोकून देणं इथे चुकतं.

एवढी उष्णता मोजायची कशी? तापमापकाने नाही. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या गटाने २०१२ मध्ये पाण्यात २ मायक्रोमीटर व्यासाचा काचेचा, म्हणजे सिलिकाचा, मणी घेतला आणि लेझरचा झोत दोन बिंदूंवर आलटून पालटून इतक्या वेगाने टाकला की मण्याला ते दोन शेजारशेजारचे खळगे वाटावेत. डावा खळगा ०, उजवा १. मधला उंचवटा सुमारे ८ केटी, म्हणजे मणी प्रयोगाच्या वेळात आपणहून उडी मारत नाही. पुसण्याची कृती अशी: लेझरची शक्ती कमी करून उंचवटा २.२ केटीपर्यंत उतरवायचा, मग पाण्याची कुपी सरकवून मण्याला एका बाजूला लोटणारा जोर हळूहळू वाढवायचा, मणी ठरलेल्या खळग्यात गेला की जोर काढायचा आणि उंचवटा पुन्हा उभा करायचा. मण्याचा मार्ग टिपत राहायचं. प्रत्येक क्षणीचा जोर आणि सरकलेलं अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे पाण्यात गेलेली उष्णता.

गडबड होते ती अशी. जोर कमी पडला तर मणी जुन्या खळग्यातच राहतो. जोर जास्त झाला तर काम होतं, पण उष्णता वाढते. आणि अर्धवट पुसणं स्वस्त असतं: ५ टक्के वेळा पुसणं फसत असेल, तर किमान मर्यादा ०.६९३ वरून ०.४९५ केटीवर येते, १० टक्क्यांना ०.३६८ वर. फसलेल्या फेऱ्यांचा हिशेब न धरणाऱ्याला मर्यादा मोडल्याचा भास होईल. शिवाय एकेकटी फेरी मर्यादेच्या खाली जाऊ शकते, पाण्याचे रेणू कधीकधी मण्याला हव्या त्या दिशेने आपणच ढकलतात. नियम सरासरीवर आहे, म्हणून फेऱ्या खूप घ्याव्या लागतात. ल्योंच्या निकालात उष्णता मर्यादा अधिक एक स्थिरांक भागिले वेळ अशी उतरत गेली. दहा सेकंदांत पुसलं तर जास्त, चाळीस सेकंदांत पुसलं तर मर्यादेजवळ. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये कॅमेरा आणि विद्युतजोर वापरून आभासी खळगे तयार केले आणि पूर्ण पुसण्याला ०.७१ अधिकउणे ०.०३ केटी काम लागल्याचं दाखवलं. त्यांची जोडचाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते: खळगे साधारण तसेच हलवायचे, पण बिट पुसला जाणार नाही असे. तेव्हा तीच हालचाल उलटवता येण्याजोगी निघाली. म्हणजे खर्च खळगे हलवण्याचा नव्हता.

आता संगणकाकडे. एक टेराबाइट यादृच्छिक माहिती पुसायची किमान उष्णता होते २३ नॅनोज्यूल. खसखशीचा दाणा साधारण ०.३ मिलिग्रॅम धरला तर त्याला ८ मिलिमीटर वर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. डेटा सेंटरच्या वीजबिलाला लँडाउअर जबाबदार आहे असं कुणी म्हटलं तर त्याला हा दाणा दाखवावा. चिपमधल्या एका द्वाराची आणि त्याच्या तारेची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, १ फेम्टोफॅरड, विद्युतदाब ०.८ व्होल्ट धरला, तर प्रत्येक बदलाला ०.३२ फेम्टोज्यूल उष्णता होते. लँडाउअरच्या मर्यादेच्या सुमारे १ लाख १० हजार पट.

एवढं अंतर निव्वळ उधळपट्टी नव्हे. त्यातला एक भाग खात्रीची किंमत आहे. उंचवटा जितके केटी, तितक्या घाताने चुकून उडी पडण्याची शक्यता घटते. चिपमध्ये शंभर कोटी द्वारं, प्रत्येक सेकंदाला शंभर कोटी वेळा बदलणारी, असं ढोबळ चित्र घेऊ. अडथळा ४० केटीचा असेल तर सेकंदाला चारेक चुका होतील. ६० केटीला एक चूक साडेतीन वर्षांनी. म्हणजे खात्रीशीर चिपला शंभरच्या आसपास केटी पुरेत, आणि आपण खर्च करतो पाऊण लाखाहून जास्त. बाकीचा सगळा खर्च घाईचा आणि तारा भरण्याचा आहे.

घाई कमी करता येते का? तत्त्व बेनेटने १९७३ मध्येच दिलं. गणना करताना प्रत्येक पायरीचा मागोवा जपायचा, उत्तराची प्रत कोऱ्या जागेवर काढायची, मग सगळी गणना उलटी चालवून मागोवा गिळून टाकायचा. काहीच ‘पुसलं’ जात नाही, उरतं ते मूळ इनपुट आणि उत्तर. टोफोलीचं तीन बिटांचं द्वार यासाठीच आहे: पहिले दोन बिट जसेच्या तसे बाहेर, आणि ते दोन्ही १ असतील तरच तिसरा उलटतो. बदल्यात मागोव्याला भरपूर स्मृती लागते आणि कामाचा वेळ दुप्पट होतो.

परिपथात याचा अर्थ असा की तारेवर दाब एकदम न टाकता हळू चढवायचा आणि तसाच उतरवून भार परत घ्यायचा. अशा वेळी होणारी उष्णता म्हणजे रोध-धारितेचा गुणाकार भागिले चढणीचा वेळ, गुणिले धारिता, गुणिले दाबाचा वर्ग. मण्याच्या प्रयोगात जशी उष्णता वेळेच्या व्यस्तात घटली तशीच इथेही घटते. १० किलोओहम आणि १ फेम्टोफॅरड धरले तर तो गुणाकार १० पिकोसेकंद. चढण १ नॅनोसेकंदाची केली तर उष्णता एकदम भरण्याच्या पन्नासाव्या हिश्शावर येते. मग आणखी हळू का नको? कारण ट्रान्झिस्टर गळतो, म्हणजे बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह जात राहतो. गळती १ नॅनोअँपिअर धरली तर ०.८ व्होल्टला दर नॅनोसेकंदाला ०.८ अॅटोज्यूल (१ अॅटोज्यूल म्हणजे हजार झेप्टोज्यूल) वाया जातात, आणि हा खर्च वेळेबरोबर वाढत जातो. एक खर्च उतरतो, एक चढतो. दोघांची बेरीज सर्वांत कमी भरते २.८ नॅनोसेकंदांना, सुमारे ४.५ अॅटोज्यूल. लँडाउअरच्या मर्यादेच्या १,६०० पट. गळती शंभर पटीने कमी करणारा ट्रान्झिस्टर बनवला तरी हा तळ दहापटच खाली जातो, कारण तो गळतीच्या वर्गमुळाबरोबर चालतो. तिथे पोचायला चढण मात्र २८ नॅनोसेकंदांची करावी लागते.